सात दोष, एक कोरा रकाना

योगेंद्र निंबा पाटील गेली नऊ वर्षं सुरतेच्या उधन्यातल्या एका कापडाच्या कारखान्यात दोष शोधायचं काम करतो. काचेचं तिरपं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट. मागावरून उतरलेलं कोरं कापड त्या काचेवरून ओढत न्यायचं आणि बघत राहायचं. कुठे ताण्याचा उभा धागा तुटलेला, कुठे बाण्याची आडवी पट्टी पडलेली, कुठे गाठ, कुठे तेलाचा डाग. दिसलं की कापडाच्या किनारीला लाल दोरा बांधायचा आणि चिठ्ठीवर नोंद करायची. शंभरेक मीटरच्या गुंडाळीला इथे ताका म्हणतात. प्रत्येक ताक्याची एक चिठ्ठी: माग क्रमांक, कारागिराचं नाव, कितव्या मीटरवर कोणता दोष. चांगल्या कापडाबद्दल काही लिहायला चिठ्ठीवर जागाच नसते. हे काम ज्यांनी त्याला शिकवलं ते पारोळ्याकडचे हिलालभाऊ पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "जे बरं शे ते लिखानं नही. कोरी चिठ्ठी म्हंजे एक नंबर माल."

योगेंद्रने हा नियम कारखान्यापुरता ठेवला असता तर बरं झालं असतं, असं आता तो स्वतःच म्हणतो. पण नऊ वर्षं दिवसाला आठ तास दोष बघितले की डोळे घरी जाताना टेबलावर काढून ठेवता येत नाहीत. तीन वर्षांपूर्वी नंदुरबारला मुलगी बघायला गेला. चहा झाला, पोहे झाले. मुलीच्या वडिलांनी रीतीप्रमाणे विचारलं, "तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा." योगेंद्र बराच वेळ मुलीच्या मागच्या पडद्याकडे बघत होता. तो म्हणाला, "ह्या पडद्यात दर दोन वितींवर पट्टी पडलीय. दुकानदाराला परत द्या." मुलीच्या वडिलांचंच पडद्यांचं दुकान होतं. त्यानंतर त्या घरातून निरोप आला नाही, आणि योगेंद्रनेही तो कशाला येईल म्हणून वाट बघितली नाही.

शिक्षणही त्याचं असंच आडवळणाने झालं. महानगरपालिकेची मराठी शाळा, मग चार वर्षं नुसतंच काम, आणि तेविसाव्या वर्षी सकाळच्या गुजराती कॉलेजात बी. ए. सात ते साडेदहा कॉलेज, अकरापासून टेबल. समाजशास्त्र घेतलं, कारण प्रवेशाच्या वेळी त्या खिडकीवर रांग सगळ्यात लहान होती. तिसऱ्या वर्षी प्रकल्प लिहायचा होता. इतर मुलांनी इंटरनेटवरून उतरवून काढले. योगेंद्रकडे इंटरनेटपेक्षा जास्त चिठ्ठ्या होत्या. त्याने कारखान्यातल्या चारशे बारा जुन्या चिठ्ठ्या जमवल्या आणि त्यातून असं दाखवलं की चौदा नंबरच्या मागावर माणूस कुणीही बसवा, पट्टी तेवढीच पडते. दोष मागाचा किंवा सुताचा असतो आणि लिहिला जातो कारागिराच्या नावावर, कारण चिठ्ठीवर नावाचा रकाना आहे, कारणाचा नाही. दहा पानं मागितली होती. त्याने चाळीस दिली.

शिकवणाऱ्या चंचलबेननी ती चाळीस पानं वाचली आणि म्हणाल्या, "पाटील, हे मास्टर्सचं काम आहे. पुढे शिक." त्यांच्या बोलण्यावर आपण विश्वास ठेवला ही पहिली चूक, असं योगेंद्र सांगतो. ती चूक करायला त्याने आणखी चार वर्षं घेतली. तिशी आली तेव्हा मोबाइलवर त्याला जर्मनीतलं एक विद्यापीठ सापडलं. समाजशास्त्रात मास्टर्स, विषय कामगार आणि कारखाने, शिकवणं इंग्रजीत, शिकवणीची फी नाही. अर्जाची शेवटची तारीख एकतीस मार्च. अर्जाच्या माथ्यावर लिहिलं होतं, 'आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांसाठी'. योगेंद्रने ते तीनदा वाचलं. तो स्वतः भुसावळच्या पलीकडे कधी गेला नव्हता. आजवर आंतरराष्ट्रीय म्हणावं असं त्याच्या ओळखीचं एकच होतं, कारखान्यातला चीनहून आलेला नऊ नंबरचा माग; आणि सगळ्यात जास्त बंद पडायचा तो तोच.

घरी सांगितलं तेव्हा त्याची आई धुरपदाबाई भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही.

"काय शिकाले चालना तू?"

"समाजशास्त्र, माय."

"म्हंजे?"

"माणसं एकमेकांशी कशी वागतात, का वागतात, ते."

"त्यानासाठे तठे कसाले जावानं? समाज तं आठेच शे."

धाकटी बहीण वर्षा हसून हसून पाटावर बसली. ती पर्वत पाटियाजवळच्या साड्यांच्या पेढीत संगणकावर बसते आणि बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना इंग्रजीत पत्रं पाठवते. वडील निंबाआप्पांनी काहीच म्हटलं नाही, कारण त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. अडतीस वर्षं मागावर काढल्यावर त्यांच्या कानात आता फक्त मोठे आवाज शिरतात. कारखान्यात त्या गदारोळात सगळे हातांनीच बोलतात, आणि आप्पा आता घरीही तसंच बोलतात. योगेंद्रने विमानाची खूण केली. आप्पांनी भुवया वर केल्या आणि भाकरीची खूण केली, म्हणजे आधी जेव.

अर्जाला दोन शिफारसपत्रं लागत होती. पहिलं कारखान्याच्या सेठने दिलं. त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं आणि वर्षाने इंग्रजीत उतरवलं: योगेंद्र नऊ वर्षांपासून आमच्याकडे आहे, माणूस चांगला आहे, तंबाखूचा मसाला खात नाही. तीन वाक्यं, खाली शिक्का.

दुसरं पत्र चंचलबेनचं. योगेंद्र कॉलेजात गेला तेव्हा बेन उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यामागे बसल्या होत्या. नुसता चष्मा दिसत होता.

"बेन, शिफारसपत्र पाहिजे होतं."

"तुं जाते ज लखी लाव ने, हुं सही करी आपीश. मारे एकसो साठ पेपर बाकी छे."

यात त्याला काही नवल वाटलं नाही. आपलं पत्र आपणच लिहायचं आणि सरांनी सही करायची, ही इथली रीतच आहे. विद्यापीठाने पत्राचा नमुना दिला होता. त्यात दोन रकाने होते. वरचा: उमेदवाराचे गुण. खालचा: उमेदवाराचे दोष. आणि खाली ओळ: कृपया प्रामाणिकपणे लिहा.

त्या अख्ख्या अर्जात योगेंद्रला बघताक्षणी समजलेली गोष्ट ही एकच. आपल्याला हे का शिकायचंय ते सांगणारं उद्दिष्टपत्र लिहायला त्याला अकरा दिवस लागले होते. हे पत्र त्याने जेवणाच्या सुट्टीत सूत गुंडाळलेल्या कोनांच्या खोक्यावर बसून लिहिलं. चंचलबेनच्या जागी स्वतःला बसवलं, समोर योगेंद्र पाटील नावाचा ताका पसरला आणि ओढायला सुरुवात केली. एक, नव्वदपैकी एकसष्ट तासांनाच हजर. दोन, त्यातल्या किमान चार तासांत झोपलेला आढळला. तीन, दुसऱ्या वर्षी एका सिद्धांतावर शिक्षिकेशी वीस मिनिटं वाद घातला आणि तो चुकीचा निघाला. चार, प्रकल्प अकरा दिवस उशिरा. पाच, दहा पानांऐवजी चाळीस, त्यातली सव्वीस अनावश्यक. सहा, पुस्तकांचे संदर्भ देत नाही. सात, इंग्रजी कच्चं.

वरचा रकाना त्याने कोरा ठेवला. त्यात लिहिण्यासारखं जे होतं ते चांगलंच होतं, आणि जे बरं शे ते लिखानं नही.

इंग्रजी भाषांतरही त्याने मोबाइलवर स्वतःच केलं. वर्षाला दाखवावं असं एकदा मनात आलं होतं. पण एवढं तरी आपल्याला जमायला पाहिजे, असं त्याने ठरवलं. सातवा दोष कागदावर लिहून त्याची शाई वाळायच्या आत माणूस असं कसं ठरवतो, हे त्याला अजून उलगडलेलं नाही. बेननी गठ्ठ्यातून मान वर न काढता सही केली, शिक्का मारला, विद्यापीठाची लिंक त्यांच्या मेलवर आली होती ती उघडून दिली आणि म्हणाल्या, बस आणि तूच चढव. त्याने चढवलं. पडद्यावर धन्यवाद आलं. नऊ वर्षांत इतकी स्वच्छ चिठ्ठी आपण लिहिली नव्हती असं वाटून तो कारखान्यात परतला आणि त्या दिवशी त्याने एक ताका जास्त तपासला.

रविवारी वर्षाने फाइलसाठी त्या पत्राची प्रत मागितली. जेवता जेवता ती वाचायला लागली आणि तिचा घास हातातच राहिला.

"भाऊ, ही शिफारस आहे का पोलिसातली तक्रार?"

"का? काय झालं?"

"काय झालं? चंचलबेन म्हणतायत तू वर्गात झोपतोस!"

"झोपायचो ना. ते खरं आहे."

"आणि गुणांच्या जागी काहीच नाही?"

"कोरं आहे. म्हणजे काही वांधा नाही."

"भाऊ," वर्षाने कागद ताटाशेजारी ठेवला. "तिकडे कोरं म्हणजे कोरंच. बेननी तीन वर्षं तुला शिकवलं आणि लिहिण्यासारखी एक चांगली गोष्ट त्यांना सापडली नाही. असं वाचणार ते."

योगेंद्रने कागद उचलला. वरून खाली वाचला. मग आपण जर्मनीतला कुणी प्राध्यापक आहोत, हिलालभाऊ आपल्याला कधी भेटले नाहीत, असं धरून पुन्हा वाचला. दुसऱ्या वाचनात त्याचं जेवण संपलं.

"काय लिखं त्यानी?" धुरपदाबाईने विचारलं. वर्षाने थोडक्यात सांगितलं. आई लेकाकडे वळली. "सोताले इतलं वाईट कोनी लिखस का रे? पोरगी देखाले गया तं पडदाले नावं ठेवनात. आते सोतालेच?"

शेवटची तारीख बुधवारी होती. चढवलेलं पत्र बदलता येत नव्हतं. वर्षाने संकेतस्थळ चारही बाजूंनी ठोकून बघितलं. मग तिने उपाय सुचवला: बेनच्या मेलवरून लिहायचं की चुकून भलताच कागद गेला, आणि सोबत नवं पत्र. नवं पत्र तिने पाच मिनिटांत तयार केलं. त्यातला योगेंद्र कुशाग्र, कष्टाळू, नेतृत्वगुण असलेला आणि वक्तशीर होता.

"हा कोण?" योगेंद्रने विचारलं.

"ज्याला ॲडमिशन मिळतं तो."

काहीही करायचं तरी बेनकडे जाणं भाग होतं. सोमवारी सकाळी तो गेला. एका हातात जुनं पत्र, दुसऱ्यात नवं. काय घडलं ते त्याने गुजरातीत, चुकत, पण क्रमाने सांगितलं. बेननी जुनं पत्र घेतलं आणि पंख्याखाली उभ्या राहून पहिल्यांदाच वाचलं. पान हलत होतं म्हणून त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं.

"आ में लख्युं छे?"

"सही तुमची आहे, बेन."

"ते दिसतंय मला." त्या खाली बसल्या. आता आपण फक्त जर्मनीलाच नाही तर या कॉलेजच्या फाटकालाही मुकलो, असं योगेंद्रने मनाशी धरलं. बेन बोट ठेवत ठेवत वाचत होत्या. चौथ्या दोषावर बोट थांबलं.

"अकरा नाही. प्रकल्प तेरा दिवस उशिरा होता."

"हो का?"

"मी रोज मोजत होते." त्यांनी वर बघितलं. "का उशीर झाला होता?"

"मालाची गर्दी होती. दिवाळीआधी डबल पाळी होती."

"आणि झोपायचास का?"

"तेच. डबल पाळी."

"एकोणतीस तास गैरहजर?"

"त्यातले तेवीस आप्पांच्या कानाच्या तपासणीचे. सहा उगाच."

"मग हे लिहिलं का नाहीस?"

"कारणाचा रकाना नव्हता, बेन."

बोलून झालं आणि ते त्याच्या स्वतःच्या कानावर पडलं. चंचलबेननी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पाटील, चाळीस पानं तू कशावर लिहिली होतीस?"

योगेंद्रने हातातलं नवं पत्र टेबलावर ठेवलं. चारशे बारा चिठ्ठ्या मोजून त्याने जगाला सांगितलं होतं की कारण न विचारता माणसाच्या नावावर दोष लिहिणं ही लबाडी आहे. आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची चिठ्ठी लिहायची वेळ आली तेव्हा त्याने माग सोडला, सूत सोडलं आणि सगळंच्या सगळं कारागिराच्या नावावर टाकलं. इतका आज्ञाधारक तपासनीस सेठला दुसरा मिळायचा नाही.

वर्षाचं पत्र बेननी वाचलं, घडी करून परत दिलं आणि म्हणाल्या, "या वक्तशीर मुलाला मी ओळखत नाही." मग संगणकासमोर बसून दोन बोटांनी विद्यापीठाला मेल लिहू लागल्या. मागे उभं राहून वाचायची योगेंद्रची छाती झाली नाही. नंतर त्यांनीच प्रत दिली. मजकूर असा होता: आधीचं पत्र विद्यार्थ्याने स्वतः लिहिलं, आमच्याकडे तशी पद्धत आहे. मी ते न वाचता सही केली. हा दोष माझा, तो माझ्या नावावर लिहावा. त्यातले दोष खरे आहेत, फक्त चौथ्यात दोन दिवस कमी धरले आहेत. कारणं खाली देत आहे. मग सात कारणं. सातव्यापुढे लिहिलं होतं: हा मुलगा घरी अहिराणी, शाळेत मराठी, कॉलेजात गुजराती आणि कारखान्यात हिंदी बोलतो; इंग्रजीची पाळी यायची आहे. गुणांच्या रकान्यासाठी त्यांनी चाळीस पानं जोडली होती.

"हवे जा," बेन म्हणाल्या. "ॲडमिशन ना मळे तो वांक मारो."

वांक म्हणजे दोष. बेननी तो घेतला खरा, पण योगेंद्रचा हिशेब वेगळा होता. आपलं पत्र आपणच लिहिल्याची कबुली आता लेखी गेली होती, तीही शिक्क्यासकट. असा ताका टेबलावर आला असता तर त्याने चिठ्ठी लिहायचेही कष्ट घेतले नसते. चिंध्यांच्या ढिगात टाकला असता. त्या दिवसापासून कारखान्यातल्या चिठ्ठ्यांच्या पाठीमागे तो पेन्सिलीने कारण लिहायला लागला: सूत ओलं, माग जुना. आठवड्याभराने सेठने विचारलं, "आ शुं छे?" "कारण," योगेंद्र म्हणाला. "मी विचारलं होतं?" सेठ म्हणाले. योगेंद्र तेव्हापासून बारीक अक्षरात लिहितो.

तीन आठवड्यांनी विद्यापीठाने मुलाखतीला बोलावलं, ऑनलाइन, भारतातले दुपारचे दोन. योगेंद्रने घरातच बसायचं ठरवलं. वर्षाने भिंतीवरची दिनदर्शिका काढली, आईने कुकरला सुट्टी दिली. आप्पांना ऐकू येत नसल्यामुळे त्यांना हलवायची गरज कुणाला वाटली नाही. ते पलंगावर, मोबाइलच्या मागे, लेकाच्या बरोबर समोर बसले.

समितीत तिघं होते. पहिलाच प्रश्न आला: तुमच्या पहिल्या पत्रात गुणांचा रकाना कोरा का होता? योगेंद्र सांगायला लागला. टेबल, ट्यूबलाइट, लाल दोरा, हिलालभाऊ, कोरी चिठ्ठी. इंग्रजी तुटत होतं आणि तो जोडत होता. बोलता बोलता तो चौदा नंबरच्या मागावर आला, तिथून चिनी मागावर, तिथून सुताच्या ओलीवर. सव्वीस अनावश्यक पानं एकेक करून बाहेर पडायला लागली. तेवढ्यात समोर हात हलला. आप्पांना शब्द ऐकू येत नव्हते, पण वेग दिसत होता. त्यांनी दोन बोटं मोडल्यासारखी केली आणि तळवा आडवा धरला. मागावर या खुणेचा अर्थ एकच: धागा तुटलाय, मशीन थांबव. योगेंद्रचं शरीर अडतीस वर्षांच्या त्या हुकमाला मेंदूआधी बधलं. तो वाक्याच्या मध्यात गप्प झाला.

समितीला ते विचारात पडणं वाटलं असावं. मधल्या बाईंनी विचारलं, "मग ही चूक तुमची होती की तुमच्या पद्धतीची?"

"चूक माझी," योगेंद्र म्हणाला. "कारण पद्धतीचं."

"आणि प्रवेश नाही मिळाला तर?"

"पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करीन. पत्र मी लिहिणार नाही."

तिघं हसले. हसणं चांगलं की वाईट हे त्याला कळलं नाही, कारण पडद्यावर त्यांचे रकाने नव्हते.

निकाल मे महिन्यात आला: प्रतीक्षा यादी, क्रमांक चार. वर्षाने आप्पांच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं. उधन्याहून नवापूरवरून भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांच्या वेटिंगचा आप्पांचा अनुभव दांडगा. ते मोठ्याने म्हणाले, "चार? चार तं नवापूर येवाना आधी कन्फर्म व्हई जास!" त्यानंतर सकाळ-संध्याकाळ ते विचारत राहिले, "नवापूर उनं का?" जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत यादी चारवरून तीनवर आली होती आणि तिथेच बसली होती. योगेंद्रने मेल उघडायचं रोजचं काम वर्षाकडे दिलं, आणि मग रोज दर तासाला तिला फोन करायला सुरुवात केली.

अकरा जूनला मेल आला. वर्षाने तो पुढे पाठवला तेव्हा योगेंद्र टेबलावर होता. त्याने ट्यूबलाइट चालूच ठेवली, मोबाइल काचेवर ठेवला आणि वरून खाली, ओळ न सोडता वाचलं. जागा मिळाली होती, सशर्त: ऑगस्टअखेर इंग्रजीची परीक्षा ठरलेल्या गुणांनी पास व्हायची. सातवा दोष अजून उभा होता. बाकी मेल स्वच्छ होता. फक्त पहिल्या ओळीत एक गडबड होती. लिहिलं होतं, प्रिय श्री. निंबा.

घरी हे कळल्यावर आप्पांना प्रथमच काहीतरी नीट ऐकू आलं. "म्हंजे ॲडमिशन माले भेटनं?"

"मंग तुम्हीच जा," धुरपदाबाई म्हणाली. "याले ऱ्हाऊ द्या आठे."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत योगेंद्रने विद्यापीठाला उत्तर लिहिलं. जागा स्वीकारत असल्याचं कळवलं. मग खाली नोंद केली: पहिल्या ओळीत दोष एक, नाव चुकीचं. थोडा वेळ थांबून त्याने पुढे लिहिलं: कारण, सुरतेत आम्ही आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी लिहितो, अर्जात मी तसंच लिहिलं होतं. पाठवायच्या आधी या खेपेला त्याने ते वर्षाला दाखवलं. तिने इंग्रजीतल्या चार चुका काढल्या.